चौथा कपॅसिटर

सिंदी (रेल्वे), ३ मार्च २०२५

आयुष्मती भावना हिस,
सप्रेम जय भीम.

एक शंका आहे. माझी नाही, शाळेतल्या एका मुलाची. विज्ञानाचे सर रागावतात आणि संस्कृतचे सर रागावत नाहीत, अशी माझी ख्याती असल्यामुळे तो नको त्या शंका माझ्याकडे घेऊन येतो. शंका अशी की चोवीस व्होल्टचा करंट माणसाला लागतो का?

तू सबस्टेशनात लाखांच्या व्होल्टांशी उठबस करणारी बाई. चोवीस म्हणजे तुला खिशातली चिल्लर वाटेल. तरी उत्तर दे. जमल्यास लवकर.

त्याला जोडून एक पोटशंका. एखाद्या जोडणीत चोवीस व्होल्ट सोडले, तर त्या जोडणीतल्या कुठल्याही एका वस्तूवर चोवीसपेक्षा जास्त असू शकतात का? माझ्या शास्त्राप्रमाणे नाही. भाकरीचा चतकोर भाकरीपेक्षा मोठा नसतो. पण तुमच्या शास्त्रात भाकऱ्या वेगळ्या भाजत असतील, म्हणून विचारलं.

फोनवर का विचारलं नाही, असं तुझ्या मनात येईल. फोन तुझा आणि खुशीचा, टपाल तुझं आणि माझं, हे तू नाशिकला गेलीस तेव्हाच ठरलं. आपण कोर्टाची पायरी न चढता जी काही कलमं ठरवली, त्यातलं हे मला सर्वांत आवडतं. फोनवर तू "हं, बोला" म्हणतेस आणि माझं सगळं व्याकरण पळून जातं.

खुशीचं बरं आहे. गेला आठवडा ती कॉलेजला गेलेली नाही. ऊन वाढलंय, आणि वर्ध्याच्या पॅसेंजरला गर्दीही फार असते. फोनवर तिचा आवाज बसलेला वाटला असेल तर ती सर्दी आहे. उजव्या हाताला कढईचा चटका बसला होता, तो भरत आलाय. डाव्या हाताचाही भरत आलाय. घरातली बटणं सध्या मीच दाबतो. पंखा, दिवा, मिक्सर, सगळं. वडील म्हणून तेवढाच व्यायाम.

शंकेचं मात्र विसरू नकोस. मुलगा रोज विचारतो.

विवेक


सिंदी (रेल्वे), १० मार्च

आयु. भावना,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "दोन्ही हातांना एकाच वेळी कढई कशी लागते? खरं लिहा." चार वर्षांत तू मला लिहिलेलं सर्वांत लांब वाक्य हे नसलं, तरी सर्वांत अचूक आहे.

खरं लिहितो. आधी हे वाच: ती घरी आहे, जेवते आहे, ईसीजी नीट आला आहे. डॉक्टर म्हणाले, छातीत धडधड वाटली तर लगेच आणा. तेव्हापासून मी वहीमागून, पुस्तकामागून, भाजी निवडताना तिच्या छातीकडे बघत असतो. ती म्हणते, "बाबा, मी काय भात हावो काय, शिजला का नाई पाहाले?"

आता झालं काय ते.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला एक प्रयोग असतो, सिरीज रेझोनन्स. तुला ठाऊक आहे, मला आत्ता कळलं. त्यासाठी जे यंत्र लागतं ते कॉलेजात कधीचं बंद आहे. म्हणून विभागप्रमुख मधुकररावांनी स्वतःची सोय लावलेली आहे: ट्यूबलाइटचा जुना चोक, छताच्या पंख्याचे कपॅसिटर, आणि चोवीस व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. मुलांनी कपॅसिटर एकेक करून चिमट्याने जोडत जायचे आणि करंट लिहीत जायचं. पहिल्या तिघांना काटा थोडाथोडा चढतो, चौथ्याला एकदम उडी मारतो, पाचव्याला खाली येतो. त्या उडीचं शिखर आलेखावर काढलं की दहा गुण. मध्ये कुणी बटण बंद करत नाही. "चोवीसच तर हाये" हा त्या प्रयोगशाळेचा मंत्र आहे, आणि मंत्राचा अर्थ विचारायची पद्धत जगात कुठेच नाही. हे मी अधिकाराने सांगतो.

खुशी चौथा जोडत होती. जोडला, आणि लगेच एक चिमटा निसटायला लागला. तिने सावरायला एक हाताने हा धरला, एक हाताने तो.

तिची जोडीदारीण मोहिनी सांगत होती, "काका, ते ओरडली बी नाई. नुसती ताठ झाली. मले वाटलं मजाक करून राह्यली." मोहिनीने बटण बंद केलं. किती वेळाने, ते तिला सांगता येत नाही, आणि मी पुन्हा विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी मधुकररावांना भेटलो. सज्जन गृहस्थ. चहा मागवला.

"सर, तुम्ही स्वतः शिक्षक आहात," ते म्हणाले. "चोवीस व्होल्टनं झुरळ मरत नाही."

"मग माझी मुलगी पडली कशी?"

"थेट प्लगातून घेतला असेल. पोरांना घाई असते, काटा जास्त हालला पाहिजे असतो. आता भेवानं कबूल करत नाही, बस."

तर कॉलेजचं म्हणणं असं: निष्काळजीपणाने थेट प्लगातली वीज जोडली, अशी लेखी माफी खुशीने द्यावी, खाली पालकाची सही. तरच महिन्याअखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येईल. नाहीतर वर्ष गेलं. आणि सही केली, तर पदवी होईपर्यंत त्या विभागात ती खोटारडी म्हणून वावरणार.

मी परत येताना गाडीत विचार करत होतो. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे, हे अनुमान आम्ही मुलांना पहिल्या महिन्यात शिकवतो. मधुकररावांचं अनुमान त्याच साच्याचं होतं: झटका मोठा, चोवीस लहान, म्हणजे वीज दुसरीकडून आली. मला त्यात भोक सापडेना. घरी आलो, चपला काढल्या, आणि तिला विचारलं, "खुशी, खरं सांग. प्लगात तर घातलं नव्हतं ना?"

तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "तुम्ही बी?"

तेव्हापासून आमचं संभाषण चतुर्थी विभक्तीपुरतं उरलं आहे. मले भात. तुम्हाले चहा.

आपल्या बौद्ध तर्कशास्त्रात प्रमाणं दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान. कुणाच्या नुसत्या शब्दाला तिथे वेगळी खुर्ची नाही. आजवर मला याचा अभिमान होता. वर्गात बाकीच्या दर्शनांना मी यावरून चिमटे काढत आलो. आता घरात एक मुलगी आहे, तिच्याकडे फक्त शब्द आहे, आणि मी उभा राहून खुर्ची शोधतोय.

म्हणून माझी ती पोटशंका पुन्हा विचारतो. या वेळी मुलाच्या आडून नाही. चतकोर भाकरीपेक्षा मोठा असू शकतो का?

तू येऊ नकोस. तू लगेच निघशील अशी मला भीती वाटते, आणि निघणार नाहीस अशीही वाटते. दोन्ही भीत्या एका घरात मावत नाहीत.

विवेक


सिंदी (रेल्वे), १७ मार्च

आयु. भावना,

दोन पानं! दोन्ही बाजूंनी! त्यात "तुम्ही कसे आहात" एकदाही नाही, हे मी दोनदा वाचून खात्री करून घेतलं. तरी उपकार मानतो.

मला जे समजलं ते लिहितो. चुकलं तर लाल शाईने दुरुस्त कर. चोक आणि कपॅसिटर एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. चौथा कपॅसिटर लागला की दोघांचा जोर अगदी बरोबरीला येतो. बाहेरून बघणाऱ्याला दोघांची बेरीज शून्य दिसते, आणि ट्रान्सफॉर्मर निर्धास्तपणे आपले चोवीस पुरवत राहतो. पण आत प्रत्येकावर दीडशेच्या आसपास व्होल्ट चढलेले असतात. तू रस्सीखेचीचा दृष्टांत दिला आहेस: दोन्हीकडचे गडी सारखेच तगडे असले की मधली गाठ हलत नाही, म्हणून दोरीत जोर नाही असं समजून जो तिला हात घालेल, त्याची बोटं जातील. या दृष्टांतावर मी भाष्य करणार नाही. भाष्यं करणं हाच माझा धंदा असूनही.

आणि शेवटची तुझी ओळ: "वाटेत अडथळा जितका कमी, तितकं हे प्रकरण भडकतं. चारपाचशे ओहम मध्ये आले की दोघंही थंड. त्यांना फक्त मीटर कपॅसिटरवर लावायला सांगा. खुशीला हात लावू देऊ नका." 'हात' या शब्दाखाली तू रेघ ओढलीस, ती कागदाच्या मागच्या बाजूला उमटली आहे.

तुझं पत्र मी खुशीपुढे ठेवलं. तिने वाचलं, घडी घातली.

"हे मले ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी." तिने वही उघडून दाखवली. मधुकररावांनीच वर्गात लिहून दिलेल्या टिपणात आहे: रेझोनन्सला कपॅसिटरवरचं व्होल्टेज पुरवठ्याच्या कित्येक पट होतं, व्याख्या लिहा, दोन गुण. दरवर्षी मुलं लिहितात. दरवर्षी गुण मिळतात. आणि टेबलावर मीटर मात्र कायम ट्रान्सफॉर्मरच्याच तोंडाला लावलेला, कारण प्रयोगाच्या वहीत कपॅसिटरवरच्या व्होल्टेजचा रकानाच नाही. मी हसणार होतो, हसलो नाही. माझी मुलंही सबंध सुभाषितं म्हणतात आणि अर्थ विचारला की खिडकीबाहेर बघतात.

"मग बोलली का नाहीस मला?"

"तुम्ही कुठं इचारलं? तुम्ही तं म्हटलं, खरं सांग."

मी म्हणालो, आई मधुकररावांना पत्र लिहील, वीज कंपनीतल्या इंजिनिअरचं पत्र आलं म्हणजे मिटलं. तर म्हणते, "आई इंजिनिअर हाये म्हणून मानतीन. मी खरं बोलली म्हणून नाई. काई लिहू नका म्हणा तिले."

आणि तिने स्वतःच अर्ज दिला आहे. प्राचार्यांसमोर, मधुकररावांसमोर, तोच प्रयोग, तोच चोक, मी करून दाखवते. मंजूरही झाला. शनिवारी दुपारी.

धुळवडीला मोहिनी रंग घेऊन आली होती. खुशीने गाल पुढे केला, हात मागे बांधून ठेवले. बोटांच्या टोकांवर दोन तपकिरी ठिपके आहेत अजून. मी ते तुला सांगणार नव्हतो.

शनिवारची मला भीती वाटते, भावना. फार वाटते. प्रयोगात त्या चौथ्याला पुन्हा तिलाच हात घालायचा आहे.

विवेक


सिंदी (रेल्वे), २१ मार्च

भावना,

'आयुष्मती' लिहायला गेलो आणि हात थांबला. मायन्यातला शब्द, इतकी वर्षं विचार न करता लिहिला. आज लिहिताना असं वाटलं की आपण आयुष्यच मागतो आहोत, आणि मागितलं की नाही म्हणतील.

ती तीन दिवस स्वयंपाकाच्या ओट्यावर सराव करते आहे. तारांऐवजी सुतळी, कपॅसिटरांऐवजी काड्यापेट्या. पहिली, दुसरी, तिसरी पटापट लावते. चौथीला बोटं थरथरतात. सुतळी आहे, काड्यापेटी आहे, तरी थरथरतात. मी बघत नाही असं दाखवतो. ती थरथरत नाही असं दाखवते. आम्ही दोघंही वाईट नट आहोत.

काल म्हणाली, "मीटर नाई मानलं त्याहीनं, तं हात लावून दाखवीन."

मी म्हटलं, "वचन दे, लावणार नाहीस."

"वचन कायचं? शब्दच तं हाये. शब्दाले कोण मानते या घरात?"

मी हिंगणघाटहून रबरी हातमोजे आणले. ती हसली, बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, "बाबा, हे भांडे घासाचे हायेत." हसली याचं बरं वाटलं, आणि मोजे ठेवून दिले.

तुझ्याकडून काल पुन्हा तेच आलं, हात लावू देऊ नका. कसं न लावू देऊ? अडवलं तर ती खोटी ठरते. सोडलं तर... हे वाक्य पूर्ण करत नाही.

आज अर्धी सुट्टी टाकून मी वर्ध्याला जाऊन आलो. संस्कृतचा माणूस फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शिरला की तिथल्या वस्तू त्याच्याकडे संशयाने बघतात. किसनराव म्हणून तिथले परिचर आहेत, तंबाखू मळत बसले होते, त्यांच्याशी थोडं बोललो. एक छोटीशी तजवीज करून आलो आहे. काय, ते विचारू नकोस. उद्या तिच्या अंगाला काही होणार नाही, एवढं नक्की.

आज मला झोप लागेल असं वाटतं.

विवेक


सिंदी (रेल्वे), २३ मार्च

आयुष्मती भावना हिस,

खुशी सुखरूप आहे. आता शांतपणे वाच, आणि रागवायचं ते शेवटी एकदम रागव.

तजवीज अशी होती. त्या जोडणीत एक लाकडी पेटी असते, रेझिस्टन्स बॉक्स. वर पितळी किल्ल्या. किल्ली बसवलेली असली की वाट मोकळी. किल्ली काढली की तेवढा अडथळा वाटेत आला. या प्रयोगात सगळ्या किल्ल्या बसवलेल्याच असतात, म्हणून त्या पेटीकडे कुणी ढुंकून बघत नाही. तूच लिहिलं होतंस, चारपाचशे ओहम आले की दोघंही थंड. मी किसनरावांना म्हटलं, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, पाचशेची किल्ली काढून ठेवा. ते म्हणाले, "काढून देतो ना सर. कोण पाह्यते?"

तुझ्या ज्ञानाचा मी केलेला हा उपयोग. शास्त्र अर्धं शिकलेल्या माणसाच्या हाती पडलं की असंच होतं.

काल दुपारी टेबलाभोवती प्राचार्य, मधुकरराव, मोहिनी, दाराशी किसनराव, आणि कोपऱ्यात स्टुलावर मी. मधुकररावांनी स्वतःचा डिजिटल मीटर आणला होता आणि खुशीच्या म्हणण्याप्रमाणे तो कपॅसिटरवर लावू दिला. माणूस वाईट नाही. त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त ओले होते, हे मी चहाचा कप घेताना पाहिलं.

तिने पहिला लावला. दुसरा. तिसरा. आकडा चढायच्या ऐवजी खाली खाली येत गेला. चौथ्याला तिचा हात थांबला. सगळ्या खोलीने श्वास रोखला. भावना, तिथे फक्त मी एकटा निवांत होतो. मला ठाऊक होतं ना. तिने डोळे मिटले आणि चिमटा लावला.

चौदा.

चोवीससुद्धा नाही. चौदा.

"झालं समाधान?" मधुकरराव म्हणाले. टोमणा नव्हता तो, सुटका होती.

खुशीने मीटरकडे पाहिलं. तारा पाहिल्या. मग कुणी काही म्हणायच्या आत एका हाताने हा चिमटा धरला, एका हाताने तो. मोहिनी किंचाळली. प्राचार्य खुर्चीसकट मागे सरकले. मी हललो नाही.

काहीच झालं नाही. ती चिमटे धरून उभी राहिली. मग सोडले, आणि स्वतःच्या बोटांकडे बघत, अगदी हळू, लहानपणी तापात विचारायची तसं विचारलं, "मंग मले काय झालतं, बाबा?"

मला वाटलं होतं, जगात भिण्यासारखी एकच गोष्ट आहे, तिच्या अंगातून वीज जाणं. त्या क्षणी कळलं की मी तिच्या अंगातून दुसरंच काहीतरी काढून घेतलं आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, स्वतःच्या हातांनी भोगलेलं, त्यावरचाच तिचा विश्वास उडत होता. माझ्यासमोर. प्राचार्यांनी माफीचा कागद पुढे सरकवला. आणि तिने, आपल्या खुशीने, पेन उचललं.

"किसनराव," मी म्हणालो, "ती किल्ली बसवा."

"कोनती किल्ली, सर?" किसनराव छताकडे बघत म्हणाले.

"पाचशेची. मी काढायला लावलेली."

मधुकररावांनी पेटीकडे पाहिलं. ते विद्वान आहेत. त्यांना पुढचं सगळं त्या एका नजरेत कळलं असणार. चेहरा उतरला. तरी म्हणाले, "बसवा. होऊन जाऊ द्या."

"मी नाई लावत, साहेब," किसनराव म्हणाले. "मले लेकरं हायेत."

"मलेबी एक हाये," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी तोंडातून आईची भाषा निघाली. खुशीला हात मागे घ्यायला लावले, ट्रान्सफॉर्मरचं बटण बंद केलं, किल्ली भोकात बसवून पिळली. माझा हात स्थिर होता. मग सगळ्यांना मागे सारून बटण चालू केलं.

करंटचा काटा ताडकन उडाला. चोक गुणगुणायला लागला. मीटरवर एकशे अठ्ठेचाळीस.

मधुकररावांनी बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा पाहिलं. एकशे अठ्ठेचाळीस. मग बंद करून स्टुलावर बसले. "माझी पोरगी," ते म्हणाले, "याच टेबलावर शिकली. याच चोकवर." आणि रुमाल शोधू लागले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. ते इतक्या वेळा जे म्हणत होते, झुरळ मरत नाही, त्यामागे काय होतं ते आत्ता दिसलं.

माफीचा कागद प्राचार्यांनीच फाडला. खुशीचं नाव परीक्षेच्या यादीत आलं आहे. तो प्रयोग राहणार, पण आता बटण बंद केल्याशिवाय कुणी चिमट्याला हात लावायचा नाही, अशी पाटी मधुकररावांनी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीला डकवली. मी उगाच शुद्धलेखन पाहिलं. एक वेलांटी चुकली आहे. सोडून दिली.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. सेलू गेल्यावर विचारलं,

"तुम्ही काऊन काढली किल्ली?"

"भ्यालो."

"मंग घातली काऊन?"

"त्याहून जास्त भ्यालो."

तिने क्षमा केली असं मी म्हणणार नाही. शेंगदाण्याची पुडी घेतली, ती माझ्यापुढे धरली, एवढं झालं.

आता तू. तुझ्या पत्रातलं एक वाक्य घेऊन मी तुझ्या मुलीला भर सभेत खोटं पाडायला निघालो होतो. तुला जे म्हणायचं ते म्हण. फोनवर म्हटलंस तरी चालेल. मी व्याकरण गोळा करून ठेवतो.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी खुशीला वाचायला देतो आहे. यापुढे तिच्याबद्दल जे लिहीन ते तिला दाखवूनच लिहीन, असं ठरवलं आहे.

विवेक


आई, वाचलं मी.

बाबानं एक खोटं लिहिलं. त्याहीचा हात स्थिर नव्हता. किल्ली दोनदा खाली पडली, तिसऱ्यांदा मी उचलून देल्ली. आन बटण चालू करताना त्याहीनं दुसरा हात माह्यापुढं आडवा धरलता, रेल्वे फाटकापाशी लहान पोराले धरतात तसा. ते त्याहीले स्वतःले बी मालूम नसन.

गुरुवारी परीक्षा हाये. चिठ्ठीत हाच प्रयोग निघाला तं मी करीन. पण मले भेव लागते. बाबाले बी लागते, ते सांगत नाई.

तू येजो.

खुशी